ठिपका इथे, गोळी तिथे!

बंदुकीच्या नळीत लेझर घातला की नेम आपोआप लागतो असं वाटतंय? मग भोसरीचं एक वर्कशॉप आणि बालेवाडीची रेंज, दोन्हीकडे चक्कर मारून या.

एनसीसीत आहात? मग हा प्रसंग तुमच्या ओळखीचा असेल. कॅम्पमधला फायरिंगचा दिवस. पॉइंट टूटूची रायफल, लेटून पोझिशन, पाच राउंड. तुम्ही श्वास रोखून, टार्गेटच्या अगदी मधोमध नेम धरून पाची गोळ्या मारता. टार्गेट बघायला जाता तर पाची भोकं एकमेकांना चिकटलेली. पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकली जातील अशी. फक्त मध्यावर नाहीत, डावीकडे खाली कोपऱ्यात. उस्ताद म्हणतात, "ग्रुप अच्छा है." आणि तुम्हाला कळत नाही, हे कौतुक होतं की टोमणा.

कौतुकच होतं. पाची गोळ्या एकाच जागी गेल्या म्हणजे तुम्ही पाची वेळा सगळं सारखं केलंत. गडबड रायफलची होती. तिची नळी बघत होती एकीकडे आणि जिच्यातून तुम्ही नेम धरला ती साइट बघत होती दुसरीकडे.

या दोघींना एकाच दिशेला बघायला लावायचं एक छोटं उपकरण बाजारात मिळतं. लेझर बोअरसाइटर. बोअर म्हणजे बंदुकीच्या नळीची आतली पोकळी. बोटाएवढं हे यंत्र नळीत बसवायचं, चालू करायचं, समोरच्या भिंतीवर लाल किंवा हिरवा ठिपका पडतो. मग साइट फिरवून फिरवून त्या ठिपक्यावर आणायची. जाहिरातीत एवढं दाखवतात आणि पुढच्याच शॉटमध्ये गोळी थेट मध्यावर! पहिला भाग खरा आहे. 'पुढच्याच शॉटमध्ये' वाला भाग कितपत खरा, हे समजून घ्यायला मी दोन आठवडे भोसरी ते बालेवाडी अशा चकरा मारल्या.

"आपल्याला काय करायचंय बंदुकांचं?" असं कुणी विचारेल. पण वाकडच्या बाजूनं मुळा नदी ओलांडली की श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल लागतं, बालेवाडी. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं. 2008 मध्ये इथेच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. याच संकुलातल्या शूटिंग रेंजवर स्वप्नील कुसाळे सराव करायचा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून वर आलेला, मध्य रेल्वेत नोकरी करणारा. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यानं 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं. या प्रकारातलं भारताचं पहिलं ऑलिम्पिक पदक. आणि खाशाबा जाधवांच्या 1952 च्या हेलसिंकीतल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूचं पहिलं वैयक्तिक पदक. मध्ये 72 वर्षं गेली. लंडन 2012 चा कांस्यपदक विजेता गगन नारंग यानंही 'गन फॉर ग्लोरी' ही अकादमी 2011 मध्ये सुरू केली ती पुण्यातच. म्हणजे ज्या रस्त्यानं तुम्ही हिंजवडीला इंटर्नशिपला जाता, त्याच्या बाजूलाच ही सगळी दुनिया आहे.

दुसरं कारण म्हणजे आपला पट्टा. पिंपरी, भोसरी, चाकण, तळेगाव. इथे निम्म्या घरांत कुणी ना कुणी 'अलाइनमेंट' हा शब्द रोज वापरतं. जुन्या हायवेवर स्टिअरिंग जरा सैल सोडलं आणि गाडी डावीकडे ओढायला लागली की आपण टायरवाल्याकडे जातो, तो चाकांना लेझर लावतो. कंपनीत मोटर आणि पंप एका रेषेत नसेल तर कपलिंग खातं, बेअरिंग जातं, मग मेंटेनन्सवाला लेझर लावून शाफ्ट जुळवतो. रायफलचा प्रश्न याच जातीचा आहे.

एक डोळा मिटून

सुतार फळी सरळ आहे का हे कसं बघतो? एक डोळा मिटतो आणि फळीच्या कडेवरून लांब नजर टाकतो. साइट म्हणजे तेच. रायफलला मागे एक खाच किंवा भोक असतं, पुढे नळीच्या टोकाशी 'माशी' असते. मागचं भोक, माशी आणि टार्गेट एका रेषेत आणायचं. ही झाली नजरेची रेषा. नळीची रेषा वेगळी, तिच्या काही सेंटीमीटर खालून जाणारी. या दोन रेषा किती अंतरावर एकमेकींना भेटणार हे ठरवणं म्हणजे रायफल 'झीरो' करणं.

जाता जाता एक गंमत. जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे. फारसीतून आलेला शब्द. कॉलेजच्या गेटवर आय-कार्ड बघताना सिक्युरिटीवाले काका जी शिस्त म्हणतात ती आपल्याला माहीत. तिचं मूळ घर हे असं बंदुकीच्या माशीजवळ आहे.

लेझर नव्हता तेव्हा काय करायचे? बोल्ट काढता येणारी रायफल असेल तर बोल्ट काढायचा, रायफल घट्ट टेकवायची आणि सरळ नळीच्या आतून बघायचं. गोल भोकातून टार्गेट मधोमध दिसलं पाहिजे. मग रायफल न हलवता साइटमधून बघायचं. तिथेही टार्गेट मधोमध नसेल तर स्क्रू फिरवायचे. एक पैसा खर्च नाही. आजही ही पद्धत उत्तम चालते. अडचण एवढीच की ज्यांच्या नळीत मागून डोकावताच येत नाही अशा बंदुका पुष्कळ.

तोफांनाही हेच करावं लागतं. तोफेच्या तोंडावर एक दोरा उभा, एक आडवा असा ताणून बसवायचा, मागून बारीक भोकातून बघायचं आणि दोऱ्यांची फुली लांबच्या एखाद्या खुणेवर आणायची. मग तोफेची दुर्बीण त्याच खुणेवर. एवढी अवाढव्य तोफ, तिचा नेम जुळवायला दोन दोरे! आणि तोफा आपल्यापासून लांब नाहीत बरं का. पाषाणला एआरडीई आहे, डीआरडीओची शस्त्रास्त्र प्रयोगशाळा, 1958 पासून. अर्जुन रणगाड्याची 120 मिलिमीटरची तोफ तिथली. 155 मिलिमीटरची 'अटॅग्ज' तोफही तिथेच डिझाइन झाली. भारत फोर्ज आणि टाटा अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम्स या कंपन्या ती बनवतात. मार्च 2025 मध्ये 307 तोफांचा करार झाला. रणगाड्याची लांब नळी तर उन्हानं एका बाजूनं तापली तरी किंचित वाकते. म्हणून आधुनिक रणगाड्यांत नळीच्या तोंडाशी आरसा बसवतात आणि त्यावरून येणारा प्रकाश बघून नळी किती कलली ते मोजतात. रायफलवाल्यांचं दुखणं त्या मानानं किरकोळ.

आता लेझर. दोन जाती मुख्य. एक काडतुसाच्या आकाराचा, मागून चेंबरमध्ये बसणारा. दुसरा पुढून नळीच्या तोंडात खोचायचा, त्याच्या दांडीवर नळीच्या मापाचा कॉलर किंवा रबरी रिंग असते. दोन्हींत आत एक छोटा डायोड. लाल असेल तर भर दुपारी वीस-पंचवीस मीटरच्या पुढे ठिपका शोधता शोधता डोळे दुखतात. हिरवा जरा जास्त दिसतो. म्हणून हे काम बंद हॉलमध्ये नाहीतर संध्याकाळी करतात.

एक सावधगिरी. ऑनलाइन शोधलं तर याच्याच शेजारी काडतुसाच्या आकाराचा दुसरा लेझर दिसतो, सरावाचा. त्याच्यावर फायरिंग पिन आपटली की क्षणभर चमकतो आणि विझतो. तो ट्रिगरच्या सरावासाठी. बोअरसाइटर सतत चालू राहतो. एकाऐवजी दुसरा मागवणारे बरेच आहेत.

भोसरीतले काका आणि 'आउट' ठिपका

नळीत लेझर बसला, ठिपका पडला. पण तो ठिपका नळीच्याच दिशेनं पडलाय कशावरून? लेझर त्याच्या स्वतःच्या कवचातच तिरका बसला असेल तर?

हा प्रश्न घेऊन मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेले. बंदुकीशी त्यांचा काडीचा संबंध नाही, गाड्यांचे पार्ट टर्न करतात. लेथवरच्या काकांना लेझरचा फोटो दाखवला.

"काका, हा सरळ आहे का हे कसं ओळखायचं?"

काका हसले. "अगं, फिरवून बघायचा की! जॉब चकमध्ये धरला आणि आउट चालतोय का ते बघायला आम्ही काय करतो? डायल लावतो आणि हातानं एक फेरा देतो. काटा हलला म्हणजे आउट. याचा काटा म्हणजे तुझा तो ठिपका."

इतकं सोपं. मेकॅनिकलवाल्यांनो, मेट्रॉलॉजी लॅबमधला व्ही-ब्लॉक आठवा. लेझर त्या 'व्ही'मध्ये ठेवायचा आणि जागच्या जागी गोल फिरवायचा. ठिपका भिंतीवर एकाच जागी राहिला तर लेझर सरळ. ठिपक्यानं वर्तुळ काढलं तर तो आउट आहे, आणि खरी दिशा त्या वर्तुळाच्या मध्यबिंदूची. चांगल्या लेझरला बाजूनं बारीक स्क्रू असतात, ते पिळून वर्तुळ लहान करता येतं. स्क्रू नसतील तरी हरकत नाही. नळीतच लेझर थोडा थोडा फिरवायचा, चार ठिकाणी ठिपक्याची खूण करायची आणि त्यांचा मध्य धरायचा.

हे न करता नुसता ठिपका पकडला तर काय होतं? समजा लेझर फक्त एका अंशाच्या साठाव्या भागानं तिरका आहे. शूटर लोक याला 'एमओए' म्हणतात, मिनिट ऑफ अँगल. डोळ्याला दिसणारही नाही इतका तिरका. 10 मीटरवर ठिपका सुमारे 3 मिलिमीटर सरकलेला असेल. 50 मीटरवर साडेचौदा मिलिमीटर. आणि 50 मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ केवढं असतं? व्यास 10.4 मिलिमीटर. शर्टाचं बटण! म्हणजे तुमची दहाची गोळी नऊच्या घरात, तीही त्याच्या बाहेरच्या काठाशी.

स्वप्नील पॅरिसला पात्रता फेरीत सातवा आला, 600 पैकी 590. साठ गोळ्यांत गमावायला एकूण दहा गुण. अंतिम फेरीत पहिले आठच जातात. प्रत्येक गोळीमागे एक गुण असा गळत राहिला तर काय उरेल, हिशेब तुम्हीच करा.

अकरावीचं फिजिक्स परत आलं

लेझर शंभर टक्के सरळ आहे असं धरू. साइट अगदी ठिपक्यावर आणली, 50 मीटरवर. आता गोळी मारली तर?

खाली जाईल. किती? करून बघूया, कागद घ्या. पॉइंट टूटूची मॅच गोळी सेकंदाला साधारण 320 मीटर वेगानं निघते. हवेचा अडथळा धरून 50 मीटर जायला तिला अंदाजे 0.16 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला खाली खेचतं: अर्धा गुणिले 9.8 गुणिले 0.16 चा वर्ग. उत्तर सुमारे 12 सेंटीमीटर. टार्गेटवरचं सर्वांत बाहेरचं, एक गुणाचं वर्तुळ मध्यापासून पावणेआठ सेंटीमीटरवर संपतं. म्हणजे ठिपका दहावर आणि गोळी वर्तुळांच्या बाहेर. गुण शून्य! आणि यात लेझरचा काही दोष नाही. तो प्रकाश आहे, नळी कुठे बघतेय तेवढं तो सांगतो. गोळी कुठे पडणार हे त्याला कुठून ठाऊक असणार.

10 मीटर एअर रायफलमध्येही सुटका नाही. छर्रा हळू असतो, सेकंदाला 170-175 मीटर. दहा मीटरमध्ये तो दीड ते पावणेदोन सेंटीमीटर खाली येतो. तिथे दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, छर्रा साडेचार मिलिमीटरचा. तुम्ही ठिपक्यावर बरोबर नेम धरून चारच्या आसपास पोचाल.

म्हणून झीरो केलेल्या रायफलची नळी नजरेच्या रेषेच्या तुलनेत किंचित वर बघत असते. गोळी खालून निघते, नजरेची रेषा ओलांडते, मग परत खाली वळते. गोट्या खेळताना लांबची गोटी मारायची तर हात जरा वर उचलून फेकायचो, तसंच. वरचा आकडा कागदावरचा आहे हेही लक्षात घ्या. गोळी सुटताना नळी थरथरते, तो फरक वेगळा. गोळ्यांचा लॉट बदलला की ग्रुपची जागा बदलते, तो वेगळा. मोठे शूटर एकाच कंपनीच्या गोळ्यांचे वेगवेगळे लॉट आपल्या रायफलमधून मारून बघतात आणि जुळेल तो उचलतात. यातलं काहीही लेझरला दिसत नाही.

मग लेझर कशाला? गोळ्या वाचवायला. नवीन साइट बसवली आणि पहिली गोळी टार्गेटच्या कागदावरच लागली नाही, तर कुठल्या बाजूला फिरवायचं हेच कळत नाही. पाच-दहा-पंधरा गोळ्या हवेत. पॉइंट टूटूच्या चांगल्या मॅच गोळ्या इंग्लंड, जर्मनीहून येतात, चैनीनं उडवायच्या नसतात. लेझरनं जुळवलं की पहिली गोळी निदान कागदावर येते. त्यासाठीही लेझर लांबवर मारायची गरज नाही, जवळच्या भिंतीवर रोख जुळवला तरी भागतं. तिथे लेझरचं काम संपलं, तो काढून डबीत ठेवायचा. पुढचं काम गोळीचं.

तीन ते पाच गोळ्यांचा ग्रुप मारायचा. एकाच गोळीवर निर्णय घ्यायचा नाही, ती तुमच्या हाताची चूकही असू शकते. ग्रुपचा मध्य शोधायचा. एनसीसीत ज्याला एमपीआय म्हणतात तो. तो टार्गेटच्या मध्यापासून किती लांब ते पट्टीनं मोजायचं. दुर्बिणीच्या साइटला साधारणपणे एका क्लिकला पाव एमओए असतो. 50 मीटरवर एक क्लिक म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या जरा वर. ग्रुप 36 मिलिमीटर खाली असेल तर वर दहा क्लिक. परत ग्रुप, परत मोजणं. साध्या साइटमध्ये नवखे हमखास गोंधळतात: मागची साइट गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवायची, पुढची माशी मात्र बरोबर उलट.

चार जणींची एक रायफल

रेंजवर शूटिंग करणारी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी भेटली, चिंचवडची. स्वतःची रायफल नाही. जर्मन बनावटीची मॅच एअर रायफल लाखांच्या घरात जाते, त्यामुळे क्लबची एक रायफल चौघी मिळून वापरतात. मी विचारलं, कुणीतरी एकदा झीरो करून ठेवली की चौघींना चालेल ना?

"नाही ना! तीच तर कटकट आहे," ती म्हणाली. "माझा गाल जिथे टेकतो तिथे तिचा टेकत नाही. डोळा जरा इकडेतिकडे झाला की साइट वेगळी दिसते. तिचं दहा ते माझं आठ."

म्हणून तिच्याकडे एक छोटी वही आहे. हाती रायफल आली की आधी वहीतले क्लिक लावायचे, मग काही छर्रे मारून खात्री करायची, मग सराव. जाताना नवे क्लिक लिहायचे. तारीख, छर्र्याचा डबा कुठला, हॉलमधल्या ट्यूबलाइटपैकी किती चालू होत्या तेसुद्धा. मी हसले तर म्हणाली, "हसू नको, उजेड बदलला की माशी जाड-बारीक दिसते." तिला लेझर बोअरसाइटरचं विचारलं. आमच्या सरांकडे आहे, म्हणाली, नवीन साइट चढवली की ते लावतात. मला रोज काय उपयोग? माझा गाल कुठे टेकला ते त्याला कुठे कळतं.

हे ऐकल्यावर मला थ्री पोझिशन्स नीट कळलं. गुडघ्यावर 20 गोळ्या, मग झोपून 20, मग उभं राहून 20. रायफल तीच. पण प्रत्येक पोझिशनमध्ये मान वेगळी, गाल वेगळ्या जागी, म्हणून साइटचं सेटिंगही वेगळं. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी 15 मिनिटं मिळतात, त्यात हव्या तितक्या 'साइटर' गोळ्या मारून बघता येतं. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. मागे बारीक भोक, पुढे एक रिंग, बस. पॅरिसच्या फायनलमध्ये स्वप्नीलचे गुण होते 451.4, सगळे अशा भोकातून बघून मिळवलेले.

आता थोडं विषयाबाहेरचं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑलिम्पिकमध्ये एक खेळ असा आहे जिथे लेझरच गोळी आहे. मॉडर्न पेंटॅथलॉन. लंडन 2012 पासून त्यात छर्र्याच्या पिस्तुलाऐवजी लेझर पिस्तूल आलं, 10 मीटरवरून. तिथे गुरुत्वाकर्षण नाही, लॉट नाही, वारा नाही. तिथे खरंच ठिपका तिथेच गोळी!

हे मात्र वाचाच

एक. बोअरसाइटर लावायच्या आधी शस्त्र रिकामं आहे याची डोळ्यानं आणि बोटानं खात्री करायची, नळी सुरक्षित दिशेला ठेवायची. आणि तो पुढून नळीत खोचलेला असताना विसरून गोळी मारली तर नळी फुटू शकते. मारणारा आणि शेजारचा, दोघंही गेले. म्हणून बऱ्याच रेंजवर सर त्याला लाल रंगाची लांब फीत बांधून ठेवतात.

डोळ्यांचं काय? "इवलासा तर आहे" म्हणून त्यात बघायचं नाही, आणि काच, स्टीलचं कपाट, गाडीचा आरसा यांच्यावर मारायचा नाही. परतून येणारा किरणही डोळ्यालाच लागतो.

आणि कायदा. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे नियम. पॉइंट टूटू रायफल हे अग्निशस्त्र आहे, परवाना लागतो, आणि 21 वर्षांखालच्या मुलांना तो मिळत नाही, त्यांना फक्त नियमांच्या चौकटीत, देखरेखीखाली सराव करता येतो. 0.177 इंचाच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवान्याची गरज नाही, म्हणून बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात. रेंजवर, सरांसमोर.

हे लिहायचं कारण म्हणजे रील्स. आपल्या शहरात पोरांच्या फीडवर बंदूक दिसते ती बहुतेकदा गॉगल, स्लो मोशन आणि 'भाई' गाण्यासोबत. हल्ली त्यात एक लाल ठिपकाही फिरताना दिसतो. कंबरेला लावलेल्या गावठी कट्ट्याचा शेवट कुठे होतो, ते आमच्याच पेपरच्या क्राइमच्या पानावर येतं. रेंजवर भेटलेली एकही व्यक्ती अशा थाटात रायफल धरत नाही. ती सगळी मंडळी पट्टी, पेन्सिल आणि वही घेऊन बसलेली असतात. खरं सांगायचं तर बघायला जरा बोअरच आहे.

करून बघायचंय? बंदूक लागत नाही. प्रेझेंटेशनचा गोल लेझर पॉइंटर घ्या. दोन जाड पुस्तकं अर्धवट उघडून उलटी शेजारी ठेवा, मधल्या खाचेत पॉइंटर बसवा, झाला तुमचा व्ही-ब्लॉक. पाच मीटरवरच्या भिंतीवर कागद चिकटवा. भिंतीजवळ कुणी उभं नाही ना, बघा. बटणावर रबरबँड घट्ट बांधा, पॉइंटर जागच्या जागी हळूहळू फिरवा आणि मित्राला बाजूनं येऊन पेन्सिलीनं ठिपक्याच्या खुणा करायला सांगा. बहुतेक पॉइंटर वर्तुळ काढतात. त्याचा व्यास 10 सेंटीमीटर आला तर तुमचा पॉइंटर पाच मीटरमध्ये 5 सेंटीमीटर तिरका मारतोय. हाच पॉइंटर रायफलच्या नळीत असता, तर 50 मीटरवर ठिपका अर्धा मीटर बाजूला गेला असता.